कॅलिफोर्नियातल्या सुरुवातीच्या गव्हर्नर निवडणुका (१८४९–१८६३)

कॅलिफोर्नियात गव्हर्नरची पहिली निवडणूक १३ नोव्हेंबर १८४९ ला झाली, म्हणजे कॅलिफोर्निया अमेरिकेचं राज्य व्हायच्या तब्बल दहा महिने आधी. हे पद आपल्याकडच्या राज्यपालांसारखं नेमणुकीचं नाही, कारभार आपल्या मुख्यमंत्र्यासारखा पण निवड थेट मतदारांकडून. (आपल्या घटना समितीतसुद्धा राज्यपाल थेट निवडून द्यावा असंच आधी ठरत होतं, १९४९ मध्ये ते बदलून राष्ट्रपतींनी नेमायचं झालं.)

राज्य नसताना निवडणूक कशी झाली, तर १८४८ मध्ये मेक्सिकोकडून हा मुलुख अमेरिकेकडे आला, त्याच वर्षी सोनं सापडलं आणि लोकांची झुंबड उडाली, पण गुलामगिरीच्या भांडणात अडकलेल्या वॉशिंग्टनच्या काँग्रेसला (म्हणजे अमेरिकेच्या संसदेला) इथं कसलं सरकार बसवायचं हेच ठरवता येईना. शेवटी लष्करी गव्हर्नर बेनेट रायलीने स्वतःच माँटेरे इथं परिषद बोलावली, ४८ प्रतिनिधींनी गुलामगिरीला बंदी घालणारी घटना लिहिली, ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत छापली, आणि घटनेवरचं मतदान आणि गव्हर्नरची निवडणूक एकाच दिवशी उरकली.

त्या दिवशी पाऊस होता. लाखभर माणसांच्या प्रदेशात जेमतेम १४ हजार मतं पडली. पीटर बर्नेटला ६,७८३, विनफिल्ड शेरवूडला ३,२२० आणि जॉन सटरला २,२०१. ज्या सटरच्या गिरणीजवळ सोनं सापडलं तो तिसरा आला, बघा. खाणीतल्या लोकांना यातलं कोण कोण हे बहुतेक माहीतच नव्हतं, सगळे नुकतेच आलेले, उद्या दुसऱ्या नदीवर जाणारे. मोकेलम्नी नदीवरच्या खाणीत तेव्हा न्यूयॉर्कचा एक पत्रकार हजर होता, त्याने लिहून ठेवलंय की एका उमेदवाराची २३ मतं गेली ती फक्त प्रचाराला उंच रेशमी हॅट घालून आला म्हणून! ऐकायला गंमत वाटते, पण ज्या मतदाराकडे पक्ष नाही, पेपर नाही, ओळख नाही तो दुसरं काय बघून मत देणार, त्यामुळे मला तरी हा त्या निवडणुकीचा सगळ्यात खरा तपशील वाटतो.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. गोरे पुरुष, अमेरिकेचे नागरिक किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेले मेक्सिकन, एवढेच. काळे, चिनी, मूळनिवासी आणि बायका बाहेर. मॅन्युएल डोमिंगेझ हे घटनेवर सही करणाऱ्यांपैकी एक, पण १८५७ मध्ये त्यांच्यात मूळनिवासी रक्त आहे म्हणून कोर्टाने त्यांची साक्षसुद्धा घेतली नाही. ज्या घटनेने ही निवडणूक घडवली तिच्यावर सही करणाऱ्या माणसाची ही गत, हे या इतिहासात ठळकपणे सांगायलाच हवं.

बर्नेटने जानेवारी १८५१ मध्ये राजीनामा दिला आणि लेफ्टनंट गव्हर्नर (म्हणजे उपगव्हर्नर) जॉन मॅकडूगल त्या खुर्चीत बसला. मुदत दोनच वर्षांची असल्याने निवडणूक सारखी दारातच. १८५१ मध्ये डेमोक्रॅट जॉन बिगलर तेव्हाच्या विरोधी व्हिग पक्षाच्या पिअरसन रीडिंगला अगदी थोडक्या मतांनी हरवून आला, १८५३ मध्ये विल्यम वाल्डोला साधारण दीड हजार मतांनी हरवून परत आला. चिनी मजुरांविरुद्ध बोलणं तेव्हापासूनच मतं मिळवायचं साधन झालं होतं, आणि त्यात बिगलर पुढे होता. १८५५ ला परदेशी लोकांच्या विरोधावर उभ्या राहिलेल्या ‘नो नथिंग’ पक्षाच्या नीली जॉन्सनने त्याला सुमारे पाच हजार मतांनी पाडलं.

मतदान कसं व्हायचं तेही बघायला पाहिजे. सरकारी मतपत्रिका नव्हतीच, पक्षच आपापली चिठ्ठी छापून वाटायचा आणि मतदार ती पेटीत टाकायचा, मग गुप्तता कसली. १८५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘व्हिजिलन्स कमिटी’ने (कायदा स्वतःच हातात घेतलेल्या नागरिकांच्या गटाने) एक मतपेटी लोकांपुढे ठेवली, तिला खोटा तळ आणि खोट्या बाजू होत्या, आत आधीच चिठ्ठ्या भरून ठेवायच्या आणि वेळ आली की फळी सरकवायची. अशा शहरात हजार-दीड हजाराच्या फरकाने लागलेल्या निकालावर किती भरवसा ठेवायचा?

पण खरी मारामारी गव्हर्नरपदासाठी नव्हतीच, ती सिनेटच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या, जागेसाठी होती. सिनेटर तेव्हा राज्याचे आमदार निवडायचे, म्हणून ज्याच्या हातात पक्ष त्याच्या हातात सगळं. डेमोक्रॅट पक्षात डेव्हिड ब्रॉडरिक आणि विल्यम ग्विन यांचे दोन तट पडले होते, बिगलर ब्रॉडरिकचा माणूस. सप्टेंबर १८५९ मध्ये मिल्टन लेथम गव्हर्नर म्हणून निवडून आला, आणि आठवड्याच्या आतच राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा मावळता सरन्यायाधीश डेव्हिड टेरी याने द्वंद्वात सिनेटर ब्रॉडरिकला गोळी घातली, तीन दिवसांनी ब्रॉडरिक गेला आणि सिनेटची जागा रिकामी झाली. लेथमने ९ जानेवारी १८६० ला शपथ घेतली, आमदारांनी लगेच त्यालाच सिनेटर केलं, १४ तारखेला तो मोकळा. पाच दिवसांचा गव्हर्नर! मतदारांनी दोन वर्षांसाठी दिलेलं पद त्याने पायरीसारखं वापरलं, आणि राज्य आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन डाउनीकडे गेलं.

१८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि डेमोक्रॅटांची मतं दोन उमेदवारांत फुटली. रिपब्लिकन लेलँड स्टॅनफर्डला ५६ हजारांच्या आसपास, मॅककॉनेल आणि कॉनेस यांना मिळून ६३ हजारांवर, तरी स्टॅनफर्ड आला. राजधानी सॅक्रामेंटोला पूर आलेला, त्यामुळे जानेवारी १८६२ मध्ये तो शपथविधीला होडीतून गेला. त्याच वर्षी घटना दुरुस्त करून गव्हर्नरची मुदत चार वर्षं केली आणि १८६३ मध्ये निवडून आलेला फ्रेडरिक लो हा चार वर्षांच्या मुदतीचा पहिला गव्हर्नर.