सोळा कोटींचं इंजेक्शन आणि अँजेलमनचा बोळा

झोल्गेन्स्मा आता घराघरात माहीत आहे. एसएमए (स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार) झालेलं तान्हं बाळ, सोळा कोटींची लोकवर्गणी, शिरेतून एकदाच दिलेला डोस. एएव्ही नावाच्या निरुपद्रवी विषाणूत जनुकाची चांगली प्रत भरून पेशींपर्यंत पोचवायची, ही झाली जीन थेरपी. 2019 मध्ये अमेरिकेत झोल्गेन्स्माला मान्यता मिळाली. पुढे चला.

माझं डोकं फिरतं ते अँजेलमन सिंड्रोमच्या बातम्यांना हाच मथळा डकवला जातो तेव्हा. ‘सदोष जनुक बदलणार!’ अहो, कोणी काही बदलत नाहीये. या आजारात ज्या औषधांच्या चाचण्या सगळ्यात पुढे गेल्या आहेत ती एएसओ (अँटिसेन्स ऑलिगोन्यूक्लिओटाइड) आहेत, म्हणजे डीएनए-आरएनएसारख्या साखळीचे साधारण वीसेक अक्षरांचे, प्रयोगशाळेत बनवलेले तुकडे. तेही जनुकांशी संबंधित उपचार, एवढंच साम्य.

आधी आजार. वॉरिंग्टनचे बालरोगतज्ज्ञ हॅरी अँजेलमन यांनी 1965 मध्ये अशा तीन मुलांचं वर्णन केलं. बोलणं जवळजवळ नाही, झटके येतात, तोल जातो, झोप कमी, आणि चेहऱ्यावर सतत हसू. ‘किती आनंदी बाळ!’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या आईला रात्री किती तास झोप मिळते ते एकदा विचारावं.

दोष पंधराव्या गुणसूत्रावरच्या यूबीई3ए या जनुकात, हे 1997 मध्ये कळलं. याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. पण मेंदूच्या चेतापेशींत फक्त आईची चालते, वडिलांची मुद्दाम गप्प केलेली असते. सुमारे 70 टक्के मुलांत आईकडून आलेला गुणसूत्राचा तो तुकडाच गळालेला असतो.

इथेच सगळे घसरतात. वडिलांची प्रत बिघडलेली नाही. चेतापेशीत तिच्या उलट्या दिशेने एक लांबलचक आरएनए तयार होत राहतो आणि तिला उमटूच देत नाही. मोरीत बोळा अडकावा तसं. पाइप शाबूत आहे, पाणीही आहे. जीन थेरपी म्हणजे नवा पाइप टाकणं. एएसओ म्हणजे बोळा काढणं. एएसओ त्या उलट्या आरएनएला चिकटतं, पेशीतलं विकर तो आरएनए कापून टाकतं आणि वडिलांची प्रत बोलू लागते. औषधाचं काम दाबण्याचं, परिणाम मात्र जनुक सुरू होण्याचा. त्यामुळे ‘एएसओ जनुक बंद करतं’ आणि ‘एएसओ जनुक देतं’ ही दोन्ही वाक्यं इथे चूक. उंदरांमध्ये हे जमतं, हे 2015 मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजच्या गटाने दाखवलं.

पण डीएनएला हात लावलेला नसल्याने पेशी बोळा पुन्हा बनवत राहते. काही महिन्यांत औषधाचा जोर ओसरतो आणि पाठीच्या कण्यात सुई टोचून ते पुन्हा घ्यावं लागतं. ‘एकदा घेतलं की झालं ना?’ नाही हो. (एसएमएमध्येही ज्या नुसिनर्सेन या औषधाची झोल्गेन्स्माशी गल्लत होते ते एएसओच, सुरुवातीचे डोस झाले की दर चार महिन्यांनी घ्यायचं.)

अँजेलमनपुरतं बोलायचं तर हे ओसरणंच मला आवडतं. यूबीई3ए जास्त झालेलंही मेंदूला मानवत नाही. एएव्हीने एकदा सोडलेली प्रत परत काढून घेता येत नाही. शिवाय शरीरात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून दुसरा डोसही सहसा देता येत नाही. एएसओ मात्र थांबवता येतं. 2020 मध्ये जीटीएक्स-102 या अँजेलमनसाठीच्या एएसओच्या चाचणीत पहिल्या पाचही रुग्णांच्या पायांतली ताकद कमी झाली. डोस थांबवले, उपचार केले, ताकद परत आली, आणि मग कमी डोसवर, देण्याची पद्धत बदलून चाचणी पुन्हा सुरू झाली.