युरोपातला अमेरिकन फुटबॉल 2007 मध्ये संपला नाही

"अमेरिकी पैशावर चालणारी लीग 2007 मध्ये बंद पडली आणि युरोपातून हा खेळच गेला," असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. समज साहजिक आहे, कारण गाजावाजा त्याच लीगचा होता. ती बंद पडली हेही खरं. पण ती सुरू झाली 1991 मध्ये. जर्मन क्लबांची स्वतःची लीग त्याआधीच, 1979 पासून, सहा संघांनिशी उभी होती. तिथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत जातो, खालचा वर येतो. मैदानावर एका वेळी किती अमेरिकन खेळाडू उतरवायचे यालाही मर्यादा आहे, म्हणून संघाचा कणा स्थानिक पोरांचाच. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पडताळायचं तर जर्मन विजेत्यांची वर्षवार यादी काढा: 2007 नंतर लगेच 2008, विजेता ब्राउनश्वाइगचा संघ.