मातीतील वायूंचे स्वस्त संवेदकांनी मापन (इंदूर परिसर)

शेतजमिनीतून कार्बन डायऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड व मिथेन किती वेगाने बाहेर पडतात, ते शेतातच मोजण्याची पद्धत. जमिनीत कडे ठोकतात, त्यावर अपारदर्शक डबा हवाबंद बसवतात आणि आतले वायूचे प्रमाण कसे चढते ते टिपतात. पूर्वी डब्यातली हवा सिरिंजने काढून प्रयोगशाळेत न्यावी लागे. अवरक्त किरणांवर चालणारे, काही हजार रुपयांचे संवेदक आले आणि निदान कार्बन डायऑक्साइडपुरती ती खेप वाचली.

डबा २० सेंमी. उंच असून माती दर चौ. मी.मागे सेकंदाला ३ मायक्रोमोल (मोल या रासायनिक एककाचा दहा लाखावा भाग) वायू सोडत असेल, तर आतले प्रमाण मिनिटाला सुमारे २२ पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत २२ भागांनी) वाढते. संवेदक सरसकट ३० पीपीएम जास्त दाखवत असला तरी बिघडत नाही. चढाचा वेग बरोबर हवा. मात्र बरेच संवेदक काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे ताजी हवा असे धरून स्वतःच दुरुस्ती करतात. कायम डब्यात ठेवायच्या संवेदकात ही सोय आधी बंद करावी.

माळव्यात खरी परीक्षा पाहते ती काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते. कडे भेगेच्या शेजारी असेल तर वायू बाजूने निसटतो, भेगेवरच असेल तर आकडा फुगतो. दोन्हीकडची मापने वेगळी ठेवलेली बरी. पहिल्या पावसाबरोबर कोरड्या मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो. त्या दिवसाच्या आकड्यावरून वर्षाचा हिशेब मांडणे म्हणजे शुद्ध फसवणूक.

नायट्रस ऑक्साइडपुढे हे संवेदक हात टेकतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, आणि सोयाबीननंतरच्या गव्हाला युरिया देऊन पाणी सोडले की वाढतो. पण हवेत तो जेमतेम ०.३४ पीपीएम असतो आणि डब्यातली वाढ बहुधा त्याहूनही कमी. इथे सिरिंज अजून सुटलेली नाही.

खताच्या ढिगाचे तसे नाही. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम केले. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या, कंपोस्ट खत करण्याच्या ‘इंदूर पद्धती’त हवा खेळावी म्हणून ढीग परततात. कोंडलेल्या ढिगात मिथेन इतका साठू शकतो, की साध्या संवेदकालाही त्याचा सुगावा लागतो. फक्त वाफ आणि अमोनिया त्याला चकवतात.