वाळवंटाकडच्या पिल्लाला ओल कशाला?

सुल्काटा या घरी पाळल्या जाणाऱ्या आफ्रिकन कासवाचं नुकतं जन्मलेलं पिल्लू हातात घेतलं, तर पाठीवरून बोट सहज फिरतं. तेच पिल्लू कोरड्या पेटीत वाढलं की वर्ष-दोन वर्षांत पाठीवर पालं ठोकल्यासारखे उंचवटे दिसू लागतात, खवल्यागणिक एक. याला पिरॅमिडिंग म्हणतात. एकदा आलेला उंचवटा परत बसत नाही.

बरीच वर्षं याचं खापर खाण्यातल्या प्रथिनांवर फुटत होतं. मग व्हिएन्नात ५० पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत वाढवून पाहिली. २००३ साली निष्कर्ष छापून आले: कोरड्या हवेतल्यांची पाठ उंच, दमट हवेतल्यांची बरीच सपाट. प्रथिनांचा वाटा किरकोळ निघाला.

खवला केराटिनचा, म्हणजे आपल्या नखांच्याच पदार्थाचा. तो वाढतो कडेने, शेजारच्या खवल्याला जिथे भिडतो तिथे. ही नवी कड कोरड्या हवेत लवकर कडक होते, आडवं पसरायला वाव राहत नाही आणि मधला भाग वर येत जातो, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. सुल्काटा सहाराच्या दक्षिण कडेला राहतं खरं, पण उन्हाच्या वेळी ते बिळात असतं, आणि जमिनीखाली ओल टिकते. (आपल्याकडचं स्टार कासव घरात पाळणं गुन्हा आहे, तेव्हा तो विषयच नको.)

पेटीतली हवा कोरडी करतो तो उबेसाठी आपणच लावलेला दिवा. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे ८० टक्के आर्द्रतेची हवा नुसती दहा अंश तापवली की आर्द्रता पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास येते, बाष्प तेवढंच असूनही. वर जाळीचं झाकण असेल तर गरम हवा तेही घेऊन जाते. मग दिवसभर फवारा मारत बसायचं. त्यापेक्षा झाकण बहुतेक बंद ठेवावं, तळाशी कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) जाड थर घालावा आणि पाणी कोपऱ्यांतून ओतावं. खालचा थर ओला, वरचा जेमतेम दमट. रात्री ऊब मात्र जाऊ देऊ नये. गार आणि ओलं एकत्र आलं की पिल्लाला श्वसनाचा आजार जडतो.

आर्द्रतामापक पिल्लाच्या उंचीला ठेवा, आणि त्याआधी तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ, त्यावर लापशीइतपत घट्ट होईल एवढंच पाणी. बूच आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर. सकाळी आकडा ७५ हवा. माझ्या मापकाने ६३ दाखवला होता.