मालिकेतल्या लग्नाला घरचं मत

मार्च २०२४मध्ये 'आई कुठे काय करते' ही मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली. त्याच सुमारास कथेतला आशुतोषही गेला, म्हणजे नायिका अरुंधतीचा दुसरा नवरा वारला. आमच्या इमारतीत वेळ बदलल्याचं दुःख दोन दिवस टिकलं. आशुतोषचं मात्र महिनाभर चाललं. "पंचवीस वर्षं राबली, आत्ता कुठे बिचारीला चार दिवस बरे आले होते, तेही बघवले नाहीत मेल्यांना," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. मेले म्हणजे लेखक. हाच तो मुंबईचा मराठी प्रेक्षक: पात्रं आपल्या घरातली आणि लेखक सासरचा. हे नातं आजचं नाही, टीव्हीच्याही आधीचं आहे.

अशा रोजच्या मालिकांना 'सोप' म्हणतात, तो शब्द अमेरिकेतून आला. तिथे १९३०च्या दशकात रेडिओवर दिवसा, नवरा कामावर आणि मुलं शाळेत गेल्यावर, गृहिणींसाठी रोजच्या कौटुंबिक कथा लागायच्या आणि त्यांचा खर्च साबणाच्या कंपन्या उचलायच्या. ही सवय तिथे इतकी मुरली, की 'जनरल हॉस्पिटल' या दुपारच्या मालिकेतलं ल्यूक आणि लॉराचं लग्न नोव्हेंबर १९८१मध्ये सुमारे तीन कोटी लोकांनी पाहिलं. आपल्याकडे साबणाच्या जागी नूडल्स आल्या, पण ते पुढे.

मुंबईत दुपार आधी आकाशवाणीची होती. 'वनिता मंडळ' लागलं की जेवणं उरकलेल्या बायका रेडिओजवळ तांदूळ निवडत बसत. त्याच आकाशवाणीवर 'प्रपंच' आणि मग 'पुन्हा प्रपंच'मधून प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी घरोघरी पोचले. बाळ कुडतरकरांचा आवाज त्यांच्या नावापेक्षा 'टेकाडे भावजी' म्हणून जास्त ओळखला गेला. तिथे प्रेमप्रकरण नव्हतं, कारस्थान नव्हतं. महागाई, पाहुणे आणि नवराबायकोची कुरबुर एवढ्यावर घर चालायचं. मराठी श्रोत्याला कौटुंबिक मालिकेची चटक लागली ती या खुसखुशीत घराची. पुढच्या रडारडीचा उगम इथे शोधू नये.

२ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पहिली काही वर्षं टीव्ही म्हणजे चाळीत एखाद्याच बिऱ्हाडी असलेली वस्तू. दारात चपलांचा ढीग, आत जमिनीवर पोरं, मागे उभ्या बायका. त्यामुळे इथे मालिका एकट्याने बघायची रीतच पडली नाही. शेरा मारला की दुसरा त्यावर बोलणार, मग घरमालकीण "श्श" करणार. आज मोबाइलवर जी टोमणेबाजी चालते, तिचं मूळ मला त्या खोल्यांत दिसतं.

७ जुलै १९८४ला 'हम लोग' सुरू झाली. प्रायोजक मॅगी, तेव्हा नुकतीच बाजारात आलेली. मालिका हिंदी, घर उत्तरेकडचं, तरी गिरगाव-परळात तिची चर्चा घरच्यासारखी व्हायची. कल्पना मेक्सिकोतून आली होती: कथेतून कुटुंबनियोजन आणि स्त्रियांचा दर्जा असले विषय पोचवायचे. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार येऊन त्यावर दोन शब्द बोलत. प्रेक्षकांची चार लाखांहून जास्त पत्रं आली. नंतर अभ्यासकांनी लोकांना विचारलं तेव्हा एक गंमत पुढे आली. भागवंती ही सोसणारी आई मालिकेने 'असं होऊ नका' म्हणून उभी केली होती. बऱ्याच प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानलं.

या एका गोष्टीवर मी अडून बसते, कारण पुढच्या चाळीस वर्षांतल्या रागलोभाची किल्ली तिथे आहे. प्रेक्षक शिकवण घेत नाही, बाजू घेतो. आणि बाजू घेतो ती घरात जिच्यावर अन्याय होतो तिची. तिने बंड केलं तर ठीक, नाही केलं तर आणखी जीव लावतो.

दूरदर्शनने दुपार खऱ्या अर्थाने कथेला दिली ती नव्वदच्या दशकात. १९९४मध्ये 'शांती', पुढच्या वर्षी 'स्वाभिमान'. मागोमाग मराठीत 'दामिनी' आली, रोज लागणारी. शांती पत्रकार आणि प्रतीक्षा लोणकरची दामिनीही पत्रकार. बघणारी दुपारी घरात असायची आणि नायिका बाहेर पडून कुणाला तरी जाब विचारायची. 'दामिनी'चं शीर्षकगीत कानावर पडलं की आमच्याकडे दुपारची झोप मोडायची आणि कुणी कुरकुर करायचं नाही. गंमत अशी, की याच काळात मालिकांना नावं ठेवणाऱ्यांची तक्रार होती, बायका दुपारभर टीव्हीपुढे बसतात. त्या काय बघत होत्या, ते कुणी विचारलं नाही.

१५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी हे चॅनल (आजचं झी मराठी) आलं, 'आभाळमाया' आली. नोकरी करणारी, शिकलेली, घर सांभाळणारी सुधा सुकन्या कुलकर्णींनी उभी केली. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आल्यावर तिने काय करावं यावर दादरच्या कट्ट्यापासून लोकलच्या लेडीज डब्यापर्यंत वाद झाले. रात्री मालिका, सकाळी डब्यात सुनावणी, हा मुंबईचा क्रम तेव्हा पक्का झाला.

हिंदीत ३ जुलै २०००ला 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि काही महिन्यांत कथेत नायक मिहीरला मारलं गेलं. पत्रं, फोन, ई-मेल यांचा असा मारा झाला की निर्मात्यांना त्याला परत आणावं लागलं. प्रेक्षकांच्या रागाने मेलेला माणूस उठतो, हे सगळ्या चॅनलांनी तेव्हा लिहून ठेवलं असणार. रोजच्या मालिकेत हे जमतं, कारण हाताशी फार तर काही दिवस पुरतील एवढ्या तयार भागांची 'बँक' असते. पुढचं अजून लिहिलेलं नसतं. गुरुवारी टीआरपी येतो आणि कथेचा न चाललेला ट्रॅक, म्हणजे धागा, गुंडाळला जातो, चाललेल्यात पाणी घातलं जातं.

पाणी घालण्यात आपण कुणाला हार गेलो नाही. ईटीव्ही मराठीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग. रोहिणी हट्टंगडींची आशालता कुणाला खाष्ट वाटली, कुणाला बरोबर. ज्या घरात सासूसून दोघी मिळून ती बघत, तिथे जाहिरातीच्या मध्यंतरात काय बोलणं होत असेल याची कल्पना करवत नाही.

प्रेमकथेचं मात्र आपल्याकडे वेगळं झालं. मराठी मालिकेत प्रेम बहुधा लग्नानंतर होतं. २०१२मधली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' उघडपणे त्यावरच उभी होती: राधा आणि घनश्याम सोयीसाठी लग्न करतात, जीव नंतर जडतो. पोरगा-पोरगी फिरताना दिसली असती तर घरात आजोबांपुढे रिमोट शोधावा लागला असता. मंगळसूत्र आधी आल्यामुळे आजोबाही खूश. पुढच्या वर्षी 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये श्री एकटा आणि त्याच्या घरात बायका सहा. त्याची बायको जान्हवी हिच्यावर लोकांनी आधी लेकीसारखी माया केली. मग तिचं गरोदरपण संपेना. नवीनच आलेल्या व्हॉट्सॲपवर विनोदांचा पूर आला आणि मराठी प्रेक्षक पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर स्वतःच्या लाडक्या मालिकेला हसला. बघणं मात्र कुणी सोडलं नाही. चाळीतल्या त्या मागे उभ्या बायकांचा शेरा आता गावभर जाऊ लागला, एवढाच फरक.

ऑगस्ट २०१६मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली. नागपूरची राधिका, मुंबईत बाहेरख्याली झालेला तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची प्रेयसी शनाया. सुरुवातीला राधिका नवऱ्याला परत मिळवायला धडपडते, तोवर सगळं भागवंतीच्या वळणाने चाललं होतं. मग ती मसाल्यांचा धंदा काढते, शेकडो कोटींपर्यंत नेते (यावरही भरपूर हसून झालं) आणि सौमित्रशी लग्न करते. एका मुलाची आई, घटस्फोटित, सासूच्या पाठिंब्याने पुन्हा बोहल्यावर चढते, हे प्राइम टाइमला महाराष्ट्राने गोड मानून घेतलं. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला प्रेक्षकांचा सगळ्यात मोठा निकाल हा आहे, आणि तो शनायाच्या मीम्सखाली दबून गेला.

प्रेमाची अशी परवानगी प्रेक्षकांकडून सगळ्यांना मिळाली नाही. २०१८मध्ये 'तुला पाहते रे'त विशीतली ईशा आणि तिच्याहून दुपटीने मोठा विक्रांत सरंजामे यांच्या प्रेमावर जोरदार वाद झाला. सुबोध भावेंमुळे विक्रांत अनेकींना आवडत होता, तरी मन खात होतं. पुढे कथेनेच त्याला खलपुरुष ठरवलं आणि ईशाला त्याच्या मेलेल्या बायकोचा पुनर्जन्म. वयाचा प्रश्न असा पुनर्जन्माने सुटलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. याउलट २०१९च्या 'अग्गंबाई सासूबाई'मध्ये सून सासूचं लग्न लावते. निवेदिता सराफांची आसावरी आणि गिरीश ओकांचा शेफ अभिजित राजे यांच्यावर लोकांनी माया केली. राग निघाला तो आईला अडवणाऱ्या सोहमवर. प्रेम वयाने नाही, सोसलेपणाने मिळतं. आसावरीने भरपूर सोसलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अरुंधती आली, बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून. 'आई कुठे काय करते' हे नाव बघून आमच्याकडच्या तिघींनी आपापल्या मुलांकडे पाहिलं होतं. तिने घटस्फोट घेतला तेव्हा टाळ्या, आशुतोषशी लग्न केलं तेव्हा थोडी कुजबुज आणि मग टाळ्या. पहिल्या नवऱ्याला, अनिरुद्धला, मिळालेल्या शिव्या वेगळ्याच. पडद्यावरचा नवरा रंगवणाऱ्या नटाला खऱ्या आयुष्यात बोलणी खावी लागतात ही जुनी गोष्ट, फक्त पूर्वी ती बाजारात भेटल्यावर पडायची आणि आता थेट मोबाइलवर.

मधल्या काळात चॅनलांनी दुपार पुन्हा शोधली. रात्रीच्या भागाचं पुनर्प्रक्षेपण करण्यापेक्षा नवेच भाग द्यावेत म्हणून जानेवारी २०२३मध्ये 'शुभविवाह' दुपारी दोनला सुरू झाली. 'मुरांबा' आणि 'लग्नाची बेडी' संध्याकाळहून दुपारी आल्या. अरुंधतीही तशीच आली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये संपली. दुपारी घरी कोण असतं, या प्रश्नाचं उत्तर मात्र १९९४पेक्षा बदललंय. आमच्या काकू असतात. त्यांची सून सकाळच्या ठाणे लोकलमध्ये उभ्या उभ्या कालचा भाग मोबाइलवर बघते, आणि संध्याकाळी दार उघडताच काकूंना आधीच सांगून ठेवते, "आजचं काही बोलू नका, मी उद्या बघणारे."