वॉर्मअप केलं म्हणता, पण गरम काय झालं?

सकाळी कुठल्याही जिममधे बघा, लोक आल्या आल्या भिंतीला एक हात टेकून पाय मागे धरून उभे राहतात, थोडा वेळ हा पाय थोडा वेळ तो, की झालं वॉर्मअप. अहो पण यात गरम काय झालं? वॉर्मअपचा बराचसा फायदा निव्वळ तापमानाचा असतो आणि ते चढतं हालचालीने.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मांडीचा स्नायू साधारण ३५-३६ अंशांवर असतो, म्हणजे पोटातल्या ३७ पेक्षा कमीच. सायकल मारायला लागलं की स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतो त्यातली जेमतेम २०-२५ टक्के पेडलपर्यंत पोचते, बाकीची सगळी उष्णता, एरवी ती वायाच गेली म्हणायची पण इथे तिचंच काम आहे. पहिल्या ३ ते ५ मिनिटांत तापमान भराभर वाढतं, मग वेग मंदावतो आणि १०-२० मिनिटांत ३८-३९ च्या आसपास टिकतं.

गरम स्नायूत मायोसिन हे प्रोटीन एटीपी (म्हणजे स्नायूचं इंधन) जास्त झपाट्याने फोडतं त्यामुळे आकुंचन फास्ट होतं, नसांमधले सिग्नलही लवकर पोचतात, शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडतं. स्नायू १ अंशाने तापला की उडी, स्प्रिंट असल्या झटक्याच्या कामात साधारण २ ते ५ टक्के फरक पडतो. गंमत म्हणजे भिंत ढकलायची नुसती ताकद फारशी वाढत नाही, वाढतो तो वेग, आणि वेगामुळे पॉवर.

पण तापलेला स्नायू थंडही होतो ना. फुटबॉलमधे १५ मिनिटांच्या हाफटाइमला खेळाडू नुसते बसले तर मांडीचं तापमान २ अंशांपर्यंत उतरतं आणि स्प्रिंट स्लो होते, ब्रेकच्या शेवटी थोडं जॉगिंग केलं तर तसं होत नाही. म्हणून तर लंडन २०१२ ला ब्रिटनचे ट्रॅक सायकलिस्ट रेसच्या आधी बॅटरीवर गरम होणाऱ्या पँट घालून बसायचे. आपण वॉर्मअप करून मोबाईल बघत बसतो.

स्ट्रेचिंग वाईट असं नाही हां. पण एकच स्नायू ६० सेकंदांच्या वर ताणून धरला तर पुढे थोडा वेळ त्याचा जोर कमी होतो, त्यामुळे लांब स्ट्रेच नंतरच करा. स्क्वॉट मारायचे असतील तर ५-१० मिनिटं सायकल आणि मग रिकाम्या बारने एक-दोन सेट, बास. आणि दुसऱ्या दिवशी पाय दुखायचेच, त्यावर वॉर्मअपचा फारसा इलाज नाही.

उन्हातल्या मॅरेथॉनला मात्र सगळंच उलटं, तिथे आधीच तापून निघालात तर शरीर लवकर ओव्हरहीट होणार. अथेन्स २००४ च्या ऑलिम्पिकला अमेरिकेची डीना कॅस्टर स्टार्टच्या आधी चक्क बर्फाचं जॅकेट घालून होती, ब्राँझ मिळालं तिला.