गावातला पब वाचवायचाय? काउन्सिलकडे अर्ज असा करा

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी बारच येतो. इंग्लंडमध्ये राहायला आल्यावर वर्षभरात हे चित्र बदलतं. मंगळवारची क्विझ, आजींचा विणकामाचा गट, कुणाच्या दफनविधीनंतरचा चहा, आणि आमच्या मंडळाची दिवाळीची बैठकसुद्धा, सगळं पबच्या त्याच मागच्या खोलीत. अशी जागा विकून तिथे फ्लॅट होणार अशी कुणकुण लागली, तर 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टखाली तिची नोंद काउन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, ‘ॲसेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’ (समाजाला मोलाच्या जागा) यादीत करून घेता येते. हा मार्ग फक्त इंग्लंडपुरता आहे.

अर्ज पॅरिश काउन्सिल (आपल्या ग्रामपंचायतीसारखी गावपातळीवरची संस्था) करू शकते, परिसराशी संबंध असलेली धर्मादाय संस्था करू शकते, किंवा नफा वाटून न घेणारा रहिवाशांचा साधा गट. गटाला अट एवढीच, की किमान 21 सभासद त्या किंवा शेजारच्या काउन्सिलच्या मतदार यादीत हवेत. इथे आपली माणसं उगाच मागे राहतात. वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक हा कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मतदार यादीत नाव घालू शकतो, म्हणजे तो या 21 जणांत धरला जातो. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही.

अर्जाला फी नाही. त्यात चार गोष्टी हव्यात: जागेचं वर्णन आणि हद्द दाखवणारा नकाशा, सध्या पब चालवणाऱ्यांची नावं, तसंच मालक व भाडेपट्टाधारकांची नावं-पत्ते (लँड रजिस्ट्री या सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयातून थोडी फी भरून उतारा मिळतो), गट पात्र असल्याचा पुरावा, आणि ही जागा समाजाची कशी, याची कारणं.

अर्ज तरतो तो या शेवटच्या मुद्द्यावर. ‘पब आम्हाला फार प्रिय आहे’ या वाक्याला वजन नाही. कोणता गट, कोणत्या वारी, किती माणसं, किती वर्षं, हे लिहा. भिंतीवरच्या कार्यक्रमांच्या पत्रकाचे फोटो जोडा, गटांची पत्रं जोडा. पब बंद असेल तर अलीकडच्या काळात तिथे काय चालायचं आणि पुढच्या पाच वर्षांत तसा वापर पुन्हा सुरू होणं शक्य का आहे, हे पटवून द्यावं लागतं.

काउन्सिलने 8 आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. नोंद झाली तर मालक फेरविचार मागू शकतो, नंतर न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. अर्ज फेटाळला तर आपल्याला तसं अपील नाही. मात्र कारणं लेखी मिळतात, ती वाचून भक्कम पुराव्यासह पुन्हा अर्ज करावा.

नोंद झाली म्हणजे पब वाचला असं नाही. मालकाने विकायचं ठरवलं की त्याला काउन्सिलला कळवावं लागतं. तिथून 6 आठवड्यांत ‘आम्हाला बोली लावायची आहे’ असं लेखी कळवलं, तर मालकाने काउन्सिलला कळवल्या दिवसापासून 6 महिने विक्री थांबते. पण ही मागणी 21 जणांचा साधा गट करू शकत नाही! त्यासाठी कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी (समाजहितासाठी चालणारी कंपनी) किंवा सोसायटीसारखी नोंदणीकृत संस्था लागते. ती आधीच उभी करून ठेवा, 6 आठवडे डोळ्यांदेखत निघून जातात. आणि मालकावर तुम्हालाच विकण्याचं बंधन नाही. चालता धंदा म्हणून पब विकला तर ही थांबणूक लागूच होत नाही.

तरीही जमतं. लंडनच्या नन्हेडमधला आयव्ही हाउस 2012 मध्ये अशी नोंद झालेला देशातला पहिला पब ठरला, आणि 2013 मध्ये रहिवाशांनी तो 8 लाख 10 हजार पौंडांना घेतला.

खरेदीचे पैसे जमले नाहीत तरी अर्ज वाया जात नाही. 2017 पासून पब पाडायला किंवा त्याचा वापर बदलायला रीतसर नियोजन परवानगी लागते, आणि ती देताना काउन्सिल ही नोंद विचारात घेऊ शकते. त्या परवानगीच्या अर्जावर हरकत नोंदवायला विसरू नका.

2025 मध्ये संसदेत आलेल्या विधेयकात 6 महिन्यांचे 12 महिने करण्याची आणि समाजाला खरेदीचा पहिला हक्क देण्याची तरतूद मांडली होती, त्यामुळे अर्ज भरण्याआधी सध्याच्या मुदती काउन्सिलकडून विचारून घ्या. नोंद 5 वर्षं टिकते. संपण्याची तारीख गटातल्या दोघा-तिघांच्या कॅलेंडरवर टाकून ठेवा, नंतर अर्ज नव्याने करावा लागतो.